सांता रुफिनाचं फिरतं कपाट

माझं नाव वॉशिंग्टन. आडनाव पाझमिन्यो. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या कितोत, म्हणजे इक्वेडोरच्या राजधानीत, परदेशी थोरामोठ्यांची नावं ठेवायची टूम होती. आमच्या गल्लीत दोन बायरन होते, एक नेल्सन होता आणि एक लेनिन होता, आणि या लेनिनची चर्चमधली रविवारची मिसा कधी चुकली नाही. अमेरिकन पर्यटक माझ्या गळ्यातला बिल्ला वाचून हसतात. तीस वर्षं हसतायत. मीही त्यांच्याबरोबर हसतो. पोटासाठी काय काय करावं लागतं.

काम म्हणजे जुन्या शहरात लोकांना पायी फिरवणं. सकाळी प्लासा ग्रांदेच्या चौकात जमायचं, मग सोन्यानं मढवलेलं चर्च, मग सान फ्रान्सिस्को चर्चचं पटांगण, मग चढ, मग उतार. चर्च बघून बघून माणूस दमतो, तिसऱ्या सोनेरी वेदीपाशी त्याचे डोळे तारवटतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून दोन चर्चच्या मधे एक गोड पदार्थ, असा माझा नियम आहे. आधी शेंगदाण्याचा हलवा, कोळशावर टांगलेल्या कढईत झुलवून झुलवून पाक चढवलेला. मग पेरूचा फेस, कोनात भरलेला. तो दिसतो आइस्क्रीमसारखा, पण गार नसतो, आणि गार नाही म्हणून ग्वायाकीलची माणसं दरवेळी तक्रार करतात. समुद्राकाठची माणसं ती, गार नसलेलं काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

शेवटी सांता रुफिनाच्या मठातली लिंबं. ही बाहेर कुणालाच जमत नाहीत. साल खरवडायची, आतला गर काढायचा, मग नऊ दिवस पाण्यात ठेवायची आणि दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. कडूपणा गेला की गुळाच्या पाकात सोडायची. एवढा धीर मठाबाहेर कुणाला आहे?

ती घेण्याची रीतही वेगळी. या मठातल्या सिस्टर बाहेर येत नाहीत आणि बाहेरच्यानं त्यांना बघायचं नाही. दारातून आत गेलं की एक अंधारी ओसरी लागते आणि तिच्या भिंतीत एक उभं, गोल, फिरतं लाकडी कपाट. दोरी ओढली की आत घंटा वाजते. आपण म्हणायचं, "नमो मरिये, परमपवित्रे." आतून आवाज येतो, "पापाविना जी जन्मली." मग काय हवं ते सांगायचं आणि पैसे कपाटात ठेवायचे. कपाट फिरतं, पैसे आत जातात, लिंबं बाहेर येतात. कुणी कुणाचं तोंड बघत नाही. पर्यटकांना हा प्रकार फार आवडतो. ते हळूच विचारतात, आत कोण असतं हो? मी म्हणतो, कोणास ठाऊक.

आत माझी बहीण असते.

एल्विआ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. बाबांचं टोप्यांचं दुकान होतं आणि टोपीच्या लोकरी नमद्याला वळण देणारा हात घरात एकच होता, तो तिचा. मला टोपी घालतासुद्धा धड येत नाही. दुकान तिच्या नावावर करायचं बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. बाविसाव्या वर्षी तिनं जेवताना सांगितलं की मी मठात जाते. बाबा ताटावरून उठले. "आजपासून मला एकच अपत्य," म्हणाले, "आणि त्या दारात मी माझ्या पायानं कधी जाणार नाही." या गोष्टीला चौतीस वर्षं झाली. मठ आमच्या घरापासून आठ गल्ल्या. बाबा गेले नाहीत. आई मात्र दर महिन्याला जायची, घरच्यांसाठी भेटीची खोली असते तिथे जाळीच्या अल्याड बसून लेकीशी बोलायची आणि येताना डोळे पुसत, पण खुशीत यायची.

बारा वर्षांपूर्वी आई गेली. आईला पोचवायला एल्विआ आली नाही.

मठाचे नियम कडक असतात, मला ठाऊक आहे. पण परवानगी मागता येते, हेही ठाऊक आहे. तिनं मागितली नाही असं मी धरून चाललो आणि तो काटा मनात ठेवला. नाताळात आणि तिच्या नावाच्या संताच्या सणाला मी जाळीपाशी दहा मिनिटं बसायचो, हवापाण्याच्या गप्पा मारायचो. तू का आली नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आमच्या घरात सगळे असेच, मूग गिळून बसणारे. गेली सहा वर्षं सकाळच्या वेळी ती कपाटापाशी असते. मी रोज लोक घेऊन जातो, ती "पापाविना जी जन्मली" म्हणते, मी म्हणतो, "आठ पाकिटं." तिला माझा आवाज कळतो, मला तिचा कळतो, आणि कपाट फिरतं.

मागच्या महिन्यात कळलं की मठ बंद होतोय. चौघीच उरल्यात, छप्पर गळतंय. संस्थेनं ठरवलं की चौघींना क्वेन्काच्या मठात न्यायचं. बसनं नऊ तास. बाबा शहाऐंशीचे, त्यांना बाथरूमपर्यंत जाताना भिंतीचा आधार लागतो. म्हणजे आता बापलेकीची भेट झाली तर या आठवड्यात, नाहीतर कधीच नाही. मंगळवारी रात्री जेवताना मी बोलून टाकलं.

"बाबा, सांता रुफिना बंद होतंय. शनिवारी सगळ्या क्वेन्काला जातायत."

बाबा बटाट्याचं सूप पीत होते. "मीठ कमी आहे," म्हणाले.

"एल्विआ पण चाललीये."

"कोण एल्विआ?"

"बरं. मीठ तिकडे आहे, उठून घ्या."

ते उठले नाहीत. अळणी सूप संपवलं आणि झोपायला गेले. मी भांडी आपटत घासली. हट्टी माणसाबरोबर राहिलं की माणूस भांड्यांवर राग काढायला शिकतो.

बुधवारी सकाळी मी चौकात माझी लाल छत्री उघडून उभा होतो. फेरीला ग्वायाकीलचं एक जोडपं होतं. मारितसाबाई आणि त्यांचा नवरा. बाई बोलक्या, नवरा दम लागलेला, चढ अजून सुरूही झाला नव्हता तरी. तेवढ्यात समोरून बाबा आले. कोट, टाय, करडी टोपी, दाढी केलेली, हनुवटीवर ब्लेड लागून कापलेलं. काठी टेकत थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि एक तिकीट पुढे केलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तिकीट. खिडकीवरच्या पोरीनं म्हाताऱ्यांच्या सवलतीत दिलं."

"बाबा, तुम्ही शहाऐंशी वर्षं कितोत राहताय."

"राहतोय. बघितलंय कधी? दुकानातून वेळ कुठे मिळाला?" मग त्यांनी टोपी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटी कुठे नेतोस रे तू लोकांना?"

"तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. मी पर्यटक. गाइड नेईल तिकडे जायचं. आता गाइडनं कुठे नेऊन उभं केलं, त्याला मी काय करणार?"

माझ्या लक्षात आलं. माझ्या पायानं जाणार नाही, असं ते म्हणाले होते. गाइडच्या पायानं जाण्याबद्दल काही बोलणं झालेलं नव्हतं. रात्रभर अंथरुणात पडून त्यांनी ही पळवाट शोधून काढली असणार. मला हसू आलं. मी तिकीट फाडून अर्धं त्यांना परत दिलं, सगळ्यांना देतो तसं.

त्या दिवसाइतकी वाईट फेरी मी आयुष्यात केलेली नाही. मी एक वाक्य बोललो की बाबा दुसरं बोलायचे. सोन्याच्या चर्चमध्ये मी सोन्याचं वजन सांगितलं, तर ते म्हणाले, "कुणी तराजू लावला होता?" सान फ्रान्सिस्कोच्या पटांगणात मी नेहमीची सैतानाची गोष्ट काढली, एका रात्रीत त्यानं पायऱ्या कशा बांधल्या ती.

"सैतान बितान काही नाही," बाबा मारितसाबाईंना म्हणाले. "आमच्या सान रोके वस्तीतल्या गवंड्यांनी बांधलंय. सैतानाला दुपारचं जेवण कोण घालणार होतं?"

बाई खळखळून हसल्या. "काका, तुम्हीच का नाही हो गाइड झालात?"

"एक मूर्ख घरात पुरे आहे."

टेकडीवरची पंखवाली मारिया दाखवत मी म्हटलं, ही आई सगळ्या शहरावर लक्ष ठेवून आहे. बाबा म्हणाले, "अर्ध्या. दक्षिणेकडच्यांना तिची पाठच दिसते. माझी बहीण तिकडे राहायची, ती म्हणायची, आमची पापं कुणी मोजतच नाही."

हे खरं आहे आणि तीस वर्षांत मला ते कुणाला सांगायला सुचलं नव्हतं. मारितसाबाईंनी तोवर बाबांचा दंड धरला होता. हलव्याची पुडी त्यांनी बाबांपुढे केली, बाबांनी दात दाखवले, म्हणजे नसलेले. पेरूचा फेस मात्र चमच्यानं खाल्ला आणि वर मारितसाबाईंच्या नवऱ्याला सुनावलं, "गार हवं तर बर्फ चघळा."

सान फ्रान्सिस्को सोडून आम्ही मठाच्या रस्त्याला वळलो आणि त्यांची बडबड थांबली. चाल मंदावली. एका पायरीवर टेकून ते बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत. मी छत्री मिटून थांबलो. मला एकदम भीती वाटली की ते इथूनच परत फिरतील, आणि मग मी त्यांना आयुष्यात माफ करणार नाही.

पण ते उठले. ओसरीत शिरलो. मी हळू आवाजात म्हटलं, "सकाळी तीच असते इथे." बाबांनी मान हलवली. टोपी काढून हातात घेतली. मी दोरी ओढली. घंटा वाजली. दरवेळी मी म्हणतो ते शब्द आज बाबांनी म्हटले, चौतीस वर्षांत कुणाला ऐकू न आलेल्या आवाजात. "नमो मरिये, परमपवित्रे."

"पापाविना जी जन्मली," आतून उत्तर आलं.

आवाज एल्विआचा नव्हता. म्हातारा, खरखरीत आवाज होता. मला क्षणात कळलं. बाबांना कसं कळणार? त्यांनी लेकीचा आवाज शेवटचा ऐकला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. चौतीस वर्षांत आवाज म्हातारा होणारच, असं त्यांनी धरलं असणार.

"बाबा," मी म्हटलं.

"तू मधे बोलू नकोस." मग त्यांनी मारितसाबाईंकडे बघितलं. "बाई, जरा बाहेर थांबाल का?"

बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. नवऱ्याला बाहीला धरून बाहेर नेलं. मीही निघालो होतो, पण बाबांनी कपाटाची कड धरली होती. म्हणून दाराशी थांबलो आणि पुन्हा एकदा म्हटलं, "बाबा, ऐका तर." त्यांनी काठी माझ्यावर उगारली. मी गप्प बसलो. आता वाटतं, बरं झालं गप्प बसलो.

"मी सेगुंदो पाझमिन्यो," बाबा त्या लाकडाला म्हणाले. "मी बसून बोलणार नाही आणि दोनदा बोलणार नाही. तेव्हा ऐक. तू मठात गेलीस त्याचा राग होता, तो तुझ्या आईच्या देखत होता, तिला ठाऊक होता. पण एक तुला ठाऊक नाही. माझी लुसिला गेली त्या दिवशी तुमच्याकडची एक सिस्टर आली होती. चिठ्ठी घेऊन. मोठ्या मदरनी दोन तासांची परवानगी दिलीये, घरच्यांनी हो म्हटलं की तुला पाठवतो, असं लिहिलं होतं. मी दारात उभा राहून वाचली. आत तुझी आई निजवलेली. मी त्या बाईला म्हटलं, मला एकच अपत्य आहे आणि ते घरात आहे. आणि दार लावलं."

मी दाराची चौकट धरली.

"वॉशिंग्टन आत आल्यागेल्यांसाठी कॉफी करत होता. कोण होतं विचारलं त्यानं. मी म्हटलं, शेजारीण. बस. एवढंच. मी तुला येऊ दिलं नाही आणि वर बारा वर्षं तू आली नाहीस म्हणून तुला नावं ठेवली. लोकांत ठेवली. पोराच्या देखत ठेवली. तो तुझ्यावर रागावून राहिला, तेही मी बघत राहिलो."

मला त्या घडीला बाबांचा इतका संताप आला की कानशिलं तापली. बारा वर्षं. मी बहिणीशी बारा वर्षं हवापाण्यावर बोललो, आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून सूप पीत होता.

मग आतून ती म्हातारी बोलली.

"डॉन सेगुंदो, मी एल्विआ नव्हे. मी देल्फिना. ती स्वयंपाकघरात लिंबांचं पाणी बदलतेय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाचं हातातलं काही पडून फुटावं तसा चेहरा झाला होता. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. राग होता, तरी धरला.

"ती चिठ्ठी घेऊन आलेली सिस्टर मीच," देल्फिना म्हणाली. "आमच्यात एकीलाच बाहेर जायची मुभा असे, ती तेव्हा मला होती. तुम्ही म्हणालात ते मला तिला सांगवेना. आईवेगळी झालेली पोर, तिला आणखी हे कुठे सांगायचं? मी म्हटलं, घराला कुलूप होतं, सगळे दफनभूमीत गेलेत. ती मुकाट पुन्हा कामाला लागली. या खोट्याची कबुली मी दरवर्षी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासात, पाद्रीबाबांना देते, पण तिला आजवर सांगितलं नाही."

बाहेर मारितसाबाई नवऱ्याला कसलीशी कमान दाखवत होत्या.

"तिला बोलावते," देल्फिना म्हणाली. "काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कुलूप होतं म्हणालात, तर मी आजवर तेच म्हणत आलेय. मरेपर्यंत म्हणेन. तीन दिवस राहिलेत, डॉन सेगुंदो. गोडीनं निरोप घ्यायचा तर त्यालाही माझी ना नाही."

तिच्या चपला घासत घासत आत गेल्या. आम्ही उभे राहिलो. मला वाटलं, बाबा आता कुलूप म्हणतील. मला तसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवंही होतं. तीन दिवसांसाठी कशाला उगाच? चार गोड शब्द बोलावेत, लिंबं घ्यावीत, घरी जावं. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, एकदा बोलून झालंय तुमचं. आता नका काढू."

त्यांनी माझा हात झटकला.

आत भरभर पावलं वाजली. "बाबा?" हा आवाज एल्विआचा होता. पाठ केलेल्या शब्दांशिवायचा तिचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

"घराला कुलूप नव्हतं," बाबा म्हणाले. "एल्विआ, मी घरात होतो. चिठ्ठी मी वाचली. मीच नको म्हटलं."

लाकडापलीकडे ती श्वास घेत होती ते ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं, "वॉशिंग्टन आहे तिथे?"

"आहे," मी म्हटलं.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही. मला आत्ता कळलं. मला वाटत होतं तू परवानगीच मागितली नाहीस."

"असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "माझ्याबद्दल?"

मी कपाटाच्या लाकडावर हात ठेवला.

"बाबा, आज मला बोलता यायचं नाही," एल्विआ म्हणाली. "आज मी काही बोलले तर ते वाईटच असेल. उद्या या."

"किती वाजता उघडता?"

"नऊला."

"येतो," बाबा म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले.

बाहेर मारितसाबाईंनी मला बाजूला घेतलं. "आमच्या लिंबांचं राहू दे," म्हणाल्या, "त्यांना आधी घरी न्या." मी टॅक्सी केली. टॅक्सीत बाबा म्हणाले, "ओरड की. तोंड का शिवलंय?" मी म्हटलं, "ड्रायव्हरसमोर नाही." घरी गेल्यावर ओरडलो. आईच्या फोटोसमोर उभं राहून ओरडलो. ते खुर्चीत बसून सगळं ऐकत होते, एकदाही मधे बोलले नाहीत. ओरडून झालं तेव्हा मी रडत होतो. मग मी सूप केलं आणि त्यात मीठ नीट घातलं.

गुरुवारी साडेआठला ते दाराशी तयार उभे होते. आता तिकिटाची गरज नव्हती, स्वतःच्या पायानं निघाले होते. जाळीची खोली सामानानं भरली होती, म्हणून मी ओसरीत त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणून ठेवली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. त्या दोघांचं बोलणं मी ऐकलं नाही. बाबा अकराला बाहेर आले. घसा बसला होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आईचा तो दिवस मला सगळा सांगा. सकाळपासून. कोणते कपडे घातले होते, केस कुणी विंचरले, कोण कोण आलं, कुणी काय आणलं. एक गोष्ट गाळलीत तर मला कळेल म्हणाली."

"सांगितलंत?"

"दुपारच्या दोनपर्यंत आलोय. उरलेलं उद्या."

शुक्रवारी उरलेला दिवस झाला. ज्या पोरानं आईच्या कबरीवर माती लोटली त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा होता, हे आठवेना म्हणून बाबांनी मला हाक मारून आत बोलावलं. मी सांगितलं, निळा. आतून एल्विआ म्हणाली, "बरं," आणि पुढचं विचारलं. मला विचारण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं, पण ती दुसरं काही बोलली नाही. मी बाहेर येऊन पुन्हा पलीकडे उभा राहिलो. तिनं त्यांना माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. बाबांनी सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र बाबा दोन पाकिटं लिंबं घेऊन आले आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात ती खाल्ली गेली. बाबांना दात नाहीत, पण त्या लिंबांना दात लागत नाहीत.

शनिवारी दहाला व्हॅन आली. गल्लीतले पंधरावीस लोक जमले होते, फुलवाली होती, कोपऱ्यावरचा चांभार होता. या लोकांनी जन्मभर त्या चौघींचे आवाज ऐकले होते, देल्फिना सोडली तर बघितलं कुणालाच नव्हतं. मठाचं मोठं दार उघडलं. तपकिरी झग्यातल्या चार बायका उन्हात आल्या आणि डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या. एकीला दोघींनी धरलेलं, ती देल्फिना हे कुणीही ओळखलं असतं. चौघींनाही चष्मे होते, चौघींच्याही तोंडावर सुरकुत्या होत्या.

बाबांनी माझी बाही ओढली. "यातली आपली कुठली?"

मी बोट वर करत होतो, त्यांनी ते खाली दाबलं. "थांब. मला बघू दे."

त्यांनी एकेकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. बावीस वर्षांच्या पोरीचा चेहरा ते त्या चार चेहऱ्यांत शोधत होते आणि तो तिथे नव्हता. "मला ओळखू येत नाहीये," बाबा म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की त्यांना ते मला ऐकवायचं नसावं.

एवढ्यात चौघींतली एक खोकं आणायला परत आत गेली. बाहेर आली ती पायऱ्या उतरताना जरा तिरकी झाली, आधी डावा पाय, मग तिथेच उजवा, एक हात कमरेवर. माझी आई अशी उतरायची. मी जाळीपलीकडे एल्विआला नेहमी बसलेलीच बघितली होती. ती अशी चालते हे मलाही ठाऊक नव्हतं.

"ती," बाबा म्हणाले. मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "एल्विआ."

ती वळली. समोर एक वाळका म्हातारा उभा होता, टोपी डोक्याला मोठी होणारा. तिनं घर सोडलं तेव्हा बाबा बावन्न वर्षांचे होते आणि दारात उभे राहिले की घरात उजेड येत नसे. तिनं त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हेच का, असं विचारत होती.

मी मान हलवली. तिनं खोकं रस्त्यावर ठेवलं आणि आली.